लेव्हल एकची सेवाज्येष्ठता

मीनाक्षीबाईंनी वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढून द्या म्हटलं, एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. व्यंकटराव पैठणकरांनी उजवा हात वर नेला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथं जो अडला तो पुढं सरकेचना. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत उभी नोकरी काढलेला माणूस. अडलेली गोष्ट कशी दिसते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आजवर अडायच्या त्या दुसऱ्यांच्या फायली. स्वतःचाच हात आपल्याला दाद देत नाही म्हणजे काय, हे काही त्यांच्या पचनी पडेना. मीनाक्षीबाईंनी स्टूल ओढलं, डबा काढला आणि उद्या डॉक्टरकडे जायचं, असं जाहीर करून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय. फ्रोझन शोल्डर. रोज थोडा वेळ दांड्याला लटकत जा, हळूहळू मोकळा होईल.

ही बातमी जिन्यातच काकासाहेबांच्या कानावर गेली. काकासाहेब खालच्या मजल्यावर राहायचे. औरंगपुऱ्यात बियाण्यांचं दुकान, फुलंब्रीकडं शेती आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तयार असलेला सल्ला, अशी त्यांची मालमत्ता. "आँ? मे महिन्याच्या असल्या उन्हात खांदा गोठला?" त्यांनी विचारलं, आणि पुढं आठवडाभर जो भेटेल त्याला ते हेच विचारत राहिले. वाण्याला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला. व्यंकटराव कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले तर भाजीवालीनंही चौकशी केली की, काका, बर्फ पडला का खांद्यावर. माणसाला दुखणं झालं तर निदान त्याला इज्जत तरी असावी.

लटकायचं कुठं, हा खरा प्रश्न. व्यंकटराव आधी बेडरूमच्या पडद्याच्या दांडीला लटकले. दांडी, पडदा आणि भिंतीतला चुना असं सगळं घेऊन ते खाली आले. मग काकासाहेबांच्या सल्ल्यानं ते पहाटे कॉलनीच्या बागेत गेले आणि लहान मुलांच्या लोखंडी कमानीला लटकले. तिथल्या रखवालदारानं त्यांना शिट्टी मारून खाली उतरवलं. बारा वर्षांवरील मुलांना मनाई, अशी पाटी होती. पाटीत 'मुलांना' म्हटलंय, आपण मूल नाही, त्यामुळं हा नियम आपल्याला लागूच होत नाही, असा मुद्दा व्यंकटरावांनी मांडला. मुद्दा बिनतोड होता. पण रखवालदार शिकलेला नसल्यामुळं त्यानं दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. दंड नेमका उजवा होता.

शेवटी जिम्नॅस्टिक्सचा हॉल सापडला. तिथं दांडे होते, रिंगा होत्या, दुहेरी बार होते, गाद्या होत्या आणि पाचसहा वर्षांपासून विशीपर्यंतची पोरं माकडांना लाजवतील अशी उड्या मारत होती. शिकवायला कारभारी सर. कन्नड तालुक्यातला मुलगा, राज्यापर्यंत खेळून आलेला, वयानं व्यंकटरावांच्या मुलाहून, हेमचंद्राहूनही लहान. व्यंकटरावांनी सांगितलं की आपल्याला फक्त लटकायचंय, बाकी काही नको, कोपऱ्यातला एखादा जुना दांडा दिला तरी चालेल.

"तसं नाय चालत, काका," कारभारी सर म्हणाले. "विमा नसतो ना. रजिस्टर असलेल्यालाच बारला हात लावता येतो. अन् रजिस्टर म्हणजे लेव्हल एक. तिथूनच सुरू करावं लागतं सगळ्यांना."

नियम आहे म्हटल्यावर व्यंकटरावांचा विरोध मावळला. नियमापुढं मान तुकवण्यात त्यांना एक प्रकारचं सुख व्हायचं. ते नोंदणीला बसले. पण कॉम्प्युटरमध्ये जन्मसालाची जी यादी होती ती दोन हजार सालाच्या मागं जाईना. शाळेतल्या गुरुजींनी गावातल्या यच्चयावत पोरांबरोबर त्यांचीही जन्मतारीख एक जून लावून टाकली होती, त्याचा राग त्यांच्या मनात साठ वर्षं होता. आता सालही गेलं. एक जून, दोन हजार, असा जन्म घेऊन व्यंकटराव पुरुषांच्या खुल्या गटात दाखल झाले. त्याच्या खाली रकाना होता पालकाच्या सहीचा.

व्यंकटरावांनी सांगून पाहिलं की वडील कैलासवासी झाले, आई त्यांच्याही आधी. कारभारी सरांनी खरोखर वाईट वाटून घेतलं, पण रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही म्हणाले. मग घरून मीनाक्षीबाईंना बोलावून घ्यावं लागलं. त्यांनी चष्मा लावला, नातं या शब्दापुढं 'पत्नी' लिहिलं आणि पालक म्हणून सही ठोकली. पाल्याच्या सवयींबद्दल काही सांगायचं असल्यास, असाही एक रकाना होता. तो भरताना त्यांना जागा पुरली नाही.

गणवेशाचा भाग तर विचारूच नका. रिंगा आणि बार यांच्यासाठी पांढरी लांब विजार लागते, पायाच्या तळव्याखालून पट्टी गेलेली, अंगासरशी ताणून बसणारी. औरंगपुऱ्यातल्या दुकानात सर्वांत मोठं माप दहावीच्या पोराचं निघालं. दुकानदारानं विचारलं, नातवाला का? व्यंकटराव व्हय म्हणून मोकळे झाले आणि शिंप्याकडं गेले. शिंप्यानं त्यांच्या पायजम्याचं माप घेऊन ताणणारं कापड बेतलं, पट्टीही लावली, पण नाडी घालायची काही सोडली नाही. ती विजार घालून, वरून झब्बा चढवून, व्यंकटराव रोज संध्याकाळी स्कूटरवर निघायचे. फाटकाशी काकासाहेब खुर्ची टाकून बसलेले असायचेच. ते काही बोलायचे नाहीत. नुसते खालपासून वरपर्यंत बघायचे आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घ्यायचे. बोलले असते तर परवडलं असतं.

तरीही पहिले काही दिवस बरे गेले. व्यंकटराव डाव्या हातानं उजवा उचलून दांड्याला नेऊन लावायचे, लटकायचे, कण्हायचे, उतरायचे, घरी यायचे. लेव्हल, स्पर्धा, गुण वगैरे भानगडीत त्यांना पडायचंच नव्हतं. पण एका संध्याकाळी दांड्यावरून हात घसरू नये म्हणून लावायची पांढरी पावडर फासत असताना त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं आणि घोटाळा झाला.

भिंतीवर एक मोठी पाटी होती. सर्वांत खाली लेव्हल एक, त्यावर दोन, असं करत वर आठपर्यंत. प्रत्येक गटाचा वेगळा रकाना आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक पट्टी. जो परीक्षा देऊन पुढं जाईल त्याची पट्टी एक पायरी वर सरकायची. बारा वर्षांखालच्या गटात पट्ट्यांची गर्दी होती. पण पुरुषांच्या खुल्या गटात एकच पट्टी होती, तळाशी, व्यंकट पैठणकर. आणि तिच्या वरची जागा रिकामी होती.

रिक्त पद पाहून आस्थापना शाखेतल्या माणसाच्या अंगात काय होतं, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. व्यंकटरावांना तर फारच झालं, कारण त्यांच्या आयुष्यात हे एकदा होऊन गेलेलं होतं. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना अधीक्षकाची खुर्ची रिकामी झाली होती. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव त्यांचं. आणि ऑर्डर निघाली नानासाहेब औताड्यांच्या नावानं, जे यादीत त्यांच्या खाली होते, ज्यांच्याबरोबर ते रोज ऑफिससमोरच्या टपरीवर चहा प्यायचे. त्या दिवसापासून व्यंकटरावांनी टपरी सोडली. नानासाहेबांना 'साहेब' म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द असा म्हणायचे की ऐकणाऱ्याला शिवी बरी वाटावी. पुढं निवृत्तीच्या समारंभातला नारळ त्यांनी घेतला, पण फोडला नाही.

आता इथं, वयाच्या या टप्प्यावर, पुन्हा एक रिकामी जागा आणि यादीत एकटं आपलं नाव. व्यंकटरावांनी कारभारी सरांना गाठून विचारलं की पदोन्नती समितीची बैठक कधी असते. सर म्हणाले, परीक्षा दिवाळीनंतर. अट काय, तर सहा साधनांवर सोपे सोपे प्रकार करायचे. गादीवर कोलांटी मारून हात न टेकता उभं राहायचं. रिंगांना आणि दांड्याला लटकायचं. दुहेरी बारवर कोपर ताठ ठेवून स्वतःला तोलायचं. पेटीवर उडी घ्यायची. मशरूमसारखा एक गोल ठोकळा असतो, त्याच्यावर हात टेकून भोवती फिरायचं. आणि प्रत्येक प्रकाराच्या आधी व नंतर परीक्षकाकडं बघून हात सरळ कानाला लावून वर करायचा, म्हणजे मी सुरू करतोय, मी संपवलं.

"आणि सेवाज्येष्ठतेला किती गुण?" व्यंकटरावांनी विचारलं.

कारभारी सरांना प्रश्न कळला नाही. व्यंकटरावांनी समजावून सांगितलं. सर म्हणाले, काका, इथं पूर्ण गुणांपासून सुरुवात होते अन् चुकंल तसे कापत जातात, बास. ज्या व्यवस्थेत माणसाचं फक्त कापलंच जातं, आणि दहा दहा वर्षं गादीवर काढलेल्याला वर जायची काही हमी नाही, ती व्यवस्था टिकते कशी, याचं व्यंकटरावांना नवल वाटलं. मात्र त्यांनी मनाशी ठरवलं की लेव्हल दोन घ्यायचीच. खांद्याचा विषय त्या दिवसापासून मागं पडला. डॉक्टरांचं नावही घरात निघेना.

घरी सराव सुरू झाला. हॉलमधल्या पलंगावरची गादी जमिनीवर आली. व्यंकटराव कोलांटी मारायचे ती नेहमी डावीकडं जायची, कारण उजवा हात जोर द्यायचाच नाही. एकदा ते टीपॉयखाली गेले, एकदा तुळशीच्या कुंडीपर्यंत. तिसऱ्या दिवशी काकासाहेब वर आले. वरच्या धडधडीनं त्यांच्या छताच्या पंख्याची वाटी सुटली होती. पण भांडायच्या ऐवजी ते कोचावर बसले, पाय पोटाशी घेतले आणि म्हणाले की, आता मारा, मी बघतो कुठं चुकतं ते. मग रोजच यायला लागले. डोकं आत घ्या. ढुंगण वर. आमचा बैल असाच एका अंगाला ओढायचा, त्याला आम्ही आतल्या बाजूला जुंपला. सल्ला ऐकून घ्यायचा, वर त्यांना चहाही द्यायचा. मीनाक्षीबाईंचा साखरेचा डबा महिनाअखेरीच्या आधीच तळाला गेला.

एवढं होऊनही व्यंकटराव आशा धरून होते. आणि गणपती उठल्यावर एका संध्याकाळी, ते दांड्याला लटकलेले असताना, हॉलच्या दारातून तशीच पांढरी विजार घातलेला एक गोल माणूस आत आला. नानासाहेब औताडे.

व्यंकटरावांचा हातच सुटला. खाली गादी होती म्हणून बरं. नानासाहेब लगबगीनं उचलायला आले, तर हे स्वतःच उठून कपडे झटकत उभे राहिले आणि म्हणाले, "या, साहेब." नानासाहेब म्हणाले, कंबर धरलीय, डॉक्टरनं हलत राहा म्हणून सांगितलं. त्यांच्या फॉर्मवर सुनेची सही होती. दुसऱ्या दिवशी पाटीवर खुल्या गटात दुसरी पट्टी लागली. ती जागेअभावी व्यंकटरावांच्या पट्टीच्या किंचित वर बसली होती. व्यंकटरावांनी सरांना सांगून ती खाली घ्यायला लावली.

यानंतरचे दिवस व्यंकटरावांच्या आयुष्यातले फार वाईट होते. कारण नानासाहेबांना कोलांटी यायला लागली. यायला लागली म्हणजे काय, तो देहच गोल. त्यांना फक्त सुरुवात करून द्यायची, पुढचं आपोआप व्हायचं. कोलांटी घेऊन ते उभे राहायचे तेव्हा हॉलमधली चिल्लीपिल्ली टाळ्या वाजवायची. व्यंकटराव टाळ्या वाजवायचे नाहीत. शिवाय सलामीला नानासाहेबांचा हात सरळ आभाळाकडं जायचा, आणि व्यंकटरावांचा अर्ध्यावर थांबायचा, रस्त्यात रिक्षा थांबवायला धरावा तसा. एका गटातल्या दोघांनी एकमेकांच्या कमरेला हात देऊन आधार द्यायचा अशी तिथली पद्धत होती. नानासाहेब आधार द्यायला आले की व्यंकटराव म्हणायचे, "राहू द्या साहेब, तुम्हाला त्रास कशाला."

मग पालकसभा आली. मीनाक्षीबाई इरकली नेसून गेल्या. तरुण आयांच्या घोळक्यात बसल्या, आणि त्यांच्या पाल्याचा नंबर आल्यावर कारभारी सरांनी मान खाली घालून अहवाल दिला. मेहनती आहेत. पण बोलतात लई. दुसऱ्याची पाळी चालू असताना सूचना करतात. नवीन आलेल्या पोरांना तुमची नोंद कुठल्या तारखेची म्हणून विचारतात. अन् गटातल्या जोडीदाराशी बोलत नायत, तेवढं जरा घरी समजावून सांगा.

मीनाक्षीबाईंनी घरी येऊन समजावलं. कसं समजावलं ते काकासाहेबांना खालच्या मजल्यावर ऐकू आलं, यावरून काय ते समजा. लहान पोरांच्या आयांसमोर मान खाली घालायला लावलीत मला, असं त्या म्हणाल्या. आपल्या हेमचंद्रानं शाळेत असताना कधी अशी वेळ आणली नव्हती. व्यंकटरावांनी त्यावर एवढंच विचारलं की परीक्षेची तारीख जाहीर झाली का.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावाहून परीक्षक म्हणून आशाबाई आल्या होत्या. करड्या केसांचा बॉयकट, गळ्यात शिट्टी. समोर टेबल, टेबलावर चहा. व्यंकटरावांनी सुरुवातीलाच पुढं होऊन एक निवेदन दिलं. त्यात आपण खुल्या गटात ज्येष्ठ आहोत, श्री. औताडे आपल्यानंतर रुजू झालेत, सबब रिक्त जागेसाठी प्रथम आपला विचार व्हावा, असं तीन परिच्छेदांत म्हटलेलं होतं. आशाबाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, व्यंकटरावांकडं एकदा पाहिलं, आणि कागद चहाच्या कपाखाली ठेवला. आपली फाईल स्वीकारली गेली, असा व्यंकटरावांनी त्याचा अर्थ घेतला.

बहुतेक प्रकार जेमतेम पार पडले. सलामीचे गुण प्रत्येक वेळी कापले गेले, कारण हात अर्ध्यावर. दुहेरी बारवर कोपर वाकलं, कापले. मशरूमभोवती फिरताना नाडी सुटली, तिचे कापले की नाही कळलं नाही. पण लटकण्याच्या बाबतीत आशाबाईंना एक गुणसुद्धा कापायला जागा सापडली नाही. काकासाहेब प्रेक्षकांत मीनाक्षीबाईंच्या शेजारी बसून मोठ्यानं हिशोब सांगत होते, की अजून आहे, अजून आहे, कोलांटी बसली तर गडी पार. आता सगळं त्या एका कोलांटीवर आलं.

व्यंकटरावांनी डोकं आत घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि अंग सोडून दिलं. कोलांटी झाली. फार चांगली झाली. फक्त ती डावीकडं झाली, गादी संपली तरी संपली नाही, आणि थेट आशाबाईंच्या टेबलाखाली जाऊन थांबली. आशाबाईंनी चहाचा कप वेळेवर उचलला, हा त्यांचा अनुभव. निवेदन मात्र उडालं ते व्यंकटरावांच्या पाठीवर पडलं. टेबलाखालून बाहेर येऊन ते शेवटची सलामी न देताच तरातरा जाऊन भिंतीशी उभे राहिले. तेही कापलं.

त्यानंतर नानासाहेब आले, गोल झाले, उभे राहिले. हात कानाला लावून वर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनीही वाजवल्या आणि मग व्यंकटरावांकडं बघून हात मांडीखाली घेतले.

निकाल तिथंच सांगितला. खुल्या गटात श्री. औताडे लेव्हल दोन. श्री. पैठणकर, लेव्हल एकच, पुढच्या वर्षी पुन्हा. व्यंकटरावांच्या कानशिलात रक्त चढलं. तोच माणूस, तीच रिकामी जागा, तीच यादी. आयुष्यात दोनदा डावललं, आणि दोन्ही वेळा ह्याच्यासाठी. बायकोसमोर, काकासाहेबांसमोर आणि सहा वर्षांच्या पोरांसमोर रडू फुटतं की काय, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून ते पाटीकडं बघत राहिले. कारभारी सर औताड्यांची पट्टी काढून वरच्या जागेत सरकवत होते.

"थांबा सर," नानासाहेब म्हणाले. "खालीच राहू द्या ती पट्टी. मला नाय जायचं वर."

सर गोंधळले. म्हणाले, तसं नसतं काका, तुम्ही पास झालाय. वरची बॅच सकाळची असते, छावणीच्या बाजूच्या दुसऱ्या हॉलवर. खुल्या गटातलं अजून कुणी नाय तिथं, तुम्ही पहिलेच.

"म्हणूनच नको. वर एकट्यानं बसून बघितलंय मी. दार लावलेलं असतं, अन् चहा येस्तोवर गार होतो." मग ते व्यंकटरावांकडं वळले. "तुम्ही आत यायचे, फाईल ठेवायचे अन् उभ्या उभ्या निघून जायचे. मी बसा म्हणायचो, तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. मी काय मागितली होती का ती ऑर्डर? माझ्या कमरेला काही झालेलं नाय, व्यंकटराव. तुम्ही इथं येता म्हणून कळलं, म्हणून आलो."

व्यंकटरावांनी इतकी वर्षं नीट घडी घालून जपलेला राग, आणि हा माणूस सरळ येऊन म्हणतो की खुर्ची नको, तुमच्याशेजारी गादीवर बसतो. आता ह्या रागाचं करायचं काय? दुसरा कुणी असता तर त्यानं मिठी बिठी मारली असती. व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खाकरले.

"पदोन्नतीला नकार तोंडी चालत नाही, नानासाहेब," ते म्हणाले. किती तरी वर्षांनी साहेब हा शब्द नावाला जोडून आला होता. "लेखी द्यावा लागतो. घरी चला, मसुदा करून देतो."

मीनाक्षीबाई आणि काकासाहेब रिक्षानं पुढं गेले, नानासाहेब मागं बसले आणि स्कूटर घरी आली. दोन पांढऱ्या विजारी जिना चढताना बघून काकासाहेब सुपारी फिरवायची विसरले आणि सल्ला द्यायला मागोमाग वर आले. व्यंकटराव कागद घेऊन बसले. विषय, संदर्भ, महोदय. वैयक्तिक कारणास्तव लिहायचं की कौटुंबिक, यावर वाद सुरू झाला. नानासाहेब कौटुंबिक म्हणत होते. काकासाहेबांचं म्हणणं, डायरेक्ट लिहा की करमत नाय. असल्या अडाणी भाषेत शासनाला पत्र जात नसतं, हे सांगता सांगता व्यंकटरावांचा आवाज चढला. इकडं मीनाक्षीबाईंनी चहा आणून ठेवला, आणि पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला नुसता चहा कसा द्यायचा म्हणून स्वयंपाकघरात स्टूल ओढायला लागल्या. स्टुलाचा कर्र आवाज झाला. मसुद्यात व्यत्यय व्यंकटरावांना कधीच खपला नाही. ते तणतणत उठले, सरक म्हणाले, उजव्या हातानं वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढला, टेबलावर आदळला आणि 'कौटुंबिक' खोडून पुन्हा लिहायला बसले.

मीनाक्षीबाई स्टुलाला धरून तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि बाहेर आल्या.

"अहो, खांदा झाला की बरा तुमचा," त्या म्हणाल्या. "मग आता पुढच्या महिन्यापासून बंदच ना ते?"

व्यंकटरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं असं पाहिलं, की बाईला एवढं साधं कळू नये. "बंद? आणि सेवेत खंड पडला तर? माझी ज्येष्ठता जाईल, ती काय ह्यांना देऊ?"

"बरोबर आहे त्यांचं, वहिनी," नानासाहेब गंभीरपणे म्हणाले. "खंड पडला की समदं गेलं." आणि त्यांनी घाईनं चहाचा घोट घेतला, जीभ भाजली, तरी कप खाली न ठेवता तसाच पीत राहिले.

मीनाक्षीबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग चिवडा बशांत वाढला, चष्मा शोधून आणला आणि पालक म्हणून सही कुठं करायची, तेवढं विचारलं.